पिळणारी चासी, न पिळणारी खोली

डोंगरातल्या कच्च्या वाटेवर एक ट्रक उभा आहे असं समजा. पुढचं डावं चाक एका दगडावर चढलंय, मागचं उजवं चाक दुसऱ्या दगडावर, आणि उरलेली दोन चाकं खळग्यात आहेत. मागे उभं राहून पाहिलं तर केबिन उजवीकडे कललेली दिसते आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे. एकच गाडी एकाच क्षणी दोन दिशांना झुकलेली, आणि तरीही चारही चाकं जमिनीला टेकलेली! हे जमतं, कारण मधली लोखंडी चासी चक्क पिळली गेलेली असते.

आता याच चासीवर हौद्याच्या जागी एक खोली ठेवायची आहे. तिला काचेच्या खिडक्या आहेत, दार आहे, पलंग आहे, ओटा आहे, भिंतीतून गेलेले पाण्याचे पाइप आहेत. ही खोली घेऊन कुणाला मोरोक्कोतून निघून आफ्रिका उतरायची असते, कुणाला अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत जायचं असतं. वाटेत महिनोन् महिने त्यातच राहायचं. युरोपात, विशेषतः जर्मनीत, अशी गाडी बांधून दूरदेशी निघणाऱ्यांची एक मोठी परंपराच आहे. बाड किसिंगन नावाच्या गावी तर दरवर्षी त्यांचा मोठा मेळा भरतो. बाहेरून पाहणाऱ्याला या गाड्या म्हणजे मोठी चाकं आणि वर ठेवलेला पांढरा डबा एवढंच वाटतं. त्या डब्याखाली वाकून पाहिलं, की मात्र खरी गंमत सुरू होते.

चासी पिळते कशी, हे आधी पाहू. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. या तुळया बहुधा इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या, म्हणजे एका बाजूने उघड्या असतात. ही उघडी बाजू फार महत्त्वाची. कापडाच्या ताग्याच्या आत असते तशी जाड पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न करा. ती हलत नाही. आता तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरीने एक उभी चीर द्या. पुठ्ठा तेवढाच आहे, वजन तेवढंच आहे, पण आता ती हातात सहज पिळते, कारण चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून सरकू लागतात. नळीची त्रिज्या तिच्या जाडीच्या दहापट असेल, तर त्या एका चिरेने तिची पिळाला विरोध करण्याची ताकद सुमारे ३०० पटींनी कमी होते. दहा नाही, वीस नाही, ३०० पट! वाकण्याला मात्र तीच नळी अजूनही चांगला विरोध करते. ट्रकच्या चासीला नेमकं हेच हवं असतं. मालाच्या वजनाने वाकायचं नाही, पण रस्ता उंचसखल झाला की पिळायचं, म्हणजे चाकं हवेत राहणार नाहीत.

या गुणाचा कळस पाहायचा तर उनिमोगकडे पाहावं. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत अल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने ही गाडी आखली. आधी तो डाइमलर-बेंझमध्ये विमानांच्या इंजिनांचं काम पाहत असे. आता गरज होती ती शेतीच्या यंत्राची. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर त्याने १,२७० मिलिमीटर ठेवलं, कारण बटाट्याच्या दोन सऱ्या तेवढ्यात बरोबर बसत. २५ अश्वशक्तीचं इंजिन आणि ताशी ५० किलोमीटर वेग. पहिला नमुना ऑक्टोबर १९४६मध्ये धावला, १९४८पासून ती विकली जाऊ लागली, आणि १९५१मध्ये डाइमलर-बेंझने तिचं उत्पादन गागेनाउच्या कारखान्यात सुरू केलं. शेतातून थेट रस्त्यावर आणि रस्त्यावरून थेट शेतात जाणाऱ्या या गाडीचा एक्सल चाकांच्या मध्यापेक्षा वर असतो. चाकापाशी दात्यांची जोडी बसवून गती खाली उतरवली जाते, त्यामुळे पोटाखालची मोकळी जागा वाढते. तिची चासी इतकी लवचिक, की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी ३० अंशांपर्यंत तिरके होऊ शकतात. डिसेंबर २०१९मध्ये दोन उनिमोग चिलीतल्या ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६९४ मीटर उंचीपर्यंत चढले. बटाट्याच्या शेतासाठी जन्मलेल्या गाडीचा हा प्रवास मला कुठल्याही रॉकेटइतकाच थरारक वाटतो.

अशा चासीवर खोली थेट आवळून टाकली तर काय होईल? आपल्याकडचा लाकडी हौदा यू-बोल्टने चासीला आवळलेला असतो आणि चालतो. कारण लाकडाच्या सांध्यासांध्यांतून तो चासीबरोबर थोडा थोडा पिळत राहतो. घाटात ट्रक कुरकुरतो, तो आवाज याचाच. पण खोली म्हणजे सहा बाजूंनी बंद पेटी, आणि बंद पेटी पिळत नाही. त्या न चिरलेल्या नळीचीच ती मोठी बहीण. तिला चासीने जबरदस्तीने पिळायला घेतलं, तर आधी खिडक्यांचे कोपरे तडकतात, मग दार अडकू लागतं, मग भिंतींचे सांधे सुटतात. किंवा पेटी जास्त बळकट निघाली तर उलटं होतं. तिने चासीला पिळूच दिलं नाही, की सगळा ताण चासीच्या एका ठिकाणी गोळा होतो आणि तिथे तडा जातो. दोघींपैकी एक मरणार हे नक्की.

यावरचा उपाय भूमितीतून आला. तीन पायांची तिवई कितीही ओबडधोबड जमिनीवर ठेवा, ती कधी डगडगत नाही. चार पायांचं टेबल डगडगतं. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. चौथा बिंदू आला की भांडण सुरू होतं. म्हणून पेटीच्या खाली तिची स्वतःची एक भक्कम चौकट करतात, बंद नळ्यांची, न पिळणारी, आणि ती चौकट चासीवर फक्त तीन ठिकाणी टेकवतात. एका टोकाला डावीकडे आणि उजवीकडे असे दोन बिंदू, आणि दुसऱ्या टोकाला बरोबर मध्यावर एकच फिरती बिजागरी. खालची चासी पिळली की त्या टोकाला ती बिजागरीभोवती डावी-उजवीकडे कलते, आणि वरची पेटी दुसऱ्या टोकाचं ऐकत शांत राहते. चासीला पेटीची पक्की साथ आहे, तरी तिचा पीळ वर पोचतच नाही.

याहून सुंदर एक रचना आहे, आणि मला या सगळ्या शास्त्रात तिच्याइतकं दुसरं काही भावत नाही. तिच्यात चार बिंदू असतात, पण चौकोनाच्या कोपऱ्यांवर नाहीत. समभुज चौकोन टोकावर उभा केल्यासारखे. एक पुढे मध्यावर, एक मागे मध्यावर, आणि दोन लांबीच्या मध्यावर, डाव्या-उजव्या कडांना. पुढचा आणि मागचा बिंदू फिरते. चासी पुढे उजवीकडे आणि मागे डावीकडे कलली, की लांबीच्या मध्यावर ती कुठेच कललेली नसते, आणि खोली नेमकी त्या मध्याशी बांधलेली असते. दोन टोकांच्या भांडणातून तिला बरोबर सरासरी मिळते. याखेरीज एक साधा, स्वस्त मार्ग आहे: पेटीची चौकट चासीवर नुसती टेकवायची, एका टोकाला पक्की आवळायची आणि दुसऱ्या टोकाचे बोल्ट जाड स्प्रिंगमधून घ्यायचे. चासीची एक तुळई खाली गेली की तिथे फट पडते, वर आली की फट मिटते. कमी पिळणाऱ्या ट्रकना हे पुरतं.

पेटी अशी सुटी राहिली की एक नवीनच अडचण उभी राहते. रात्री पाऊस असेल किंवा जागा धोक्याची वाटली, तर खाली न उतरता केबिनमधून मागच्या खोलीत जाता यावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण केबिन चासीवर तिच्या पद्धतीने डुलते, खोली तिच्या पद्धतीने. दोघींमध्ये भोक पाडून जोडलं, तर ते भोक प्रत्येक खड्ड्यात आकार बदलतं. म्हणून तिथे रबराची घड्याघड्यांची बाही लावतात, रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये असते तीच. त्यात बहुतेक ट्रकची केबिन इंजिनच्या दुरुस्तीसाठी पुढे उलटावी लागते, म्हणजे ही बाही झटकन सोडवताही आली पाहिजे. काहीजण हा मोह सोडून देतात आणि पावसात भिजत मागच्या दाराने आत जातात. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. सांधा जितका कमी, तितकी गळती कमी.

आता भिंतीकडे येऊ. तिची जाडी साधारण ६० मिलिमीटर. बाहेर काचतंतूंच्या प्लास्टिकचा पातळ पत्रा, आत तसाच पत्रा, आणि मध्ये पॉलियुरेथेनचा हलका फेस. पत्रे दोन-तीन मिलिमीटरचे, फेस बोटाने दाबला तर दबेल असा. पण तिन्ही चिकटवून एक केले की त्यावर माणूस नाचला तरी चालतं. वाकताना एक पत्रा ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि फेस त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. ते जितके दूर, तितकं वाकवणं अवघड, आणि ही अवघडता अंतराच्या वर्गाने वाढते. वजन मात्र जवळजवळ वाढत नाही, कारण मधे भरलेली आहे ती मुख्यतः हवाच.

हीच हवा थंडीही अडवते. अशी सहा सेंटिमीटरची भिंत आपल्या नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा उष्णता सुमारे पाचपट चांगली रोखते. साडेचार मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडी उंच खोली घेतली, तर तिच्या सहाही बाजूंचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटरच्या आसपास भरतं. बाहेर उणे १५ अंश आणि आत २० अंश असताना या सगळ्या भिंतींतून मिळून ७०० वॉटच्या आसपास उष्णता निसटते. खिडक्या आणि हवा खेळती ठेवण्याचा खर्च धरला तरी एक किलोवॉटच्या थोडं वर. आपल्या न्हाणीघरातला गीझर याच्या दुप्पट वीज खातो! एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे छोट्या हीटरला दिवसभरासाठी तीन-सव्वातीन लिटर पुरतात. गोठलेल्या पठारावर मोज्यांशिवाय फिरता येतं, ते एवढ्याशा इंधनावर.

पण हे गणित एका स्क्रूने बिघडतं. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता या फेसापेक्षा हजारो पटींनी वेगाने वाहते. भिंतीच्या आरपार गेलेला एक बोल्ट, खिडकीची धातूची सलग चौकट किंवा कोपऱ्यातली लोखंडी पट्टी म्हणजे थंडीला आत यायला उघडा रस्ता. म्हणून चांगले बांधणारे या पेट्या बोल्टने जोडत नाहीत, गोंदाने जोडतात. भिंती भिंतींना चिकटवलेल्या, कोपऱ्यांवर काचतंतूंच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आतली कपाटंही भिंतीला चिकटवलेली. दहा-बारा टनांच्या ट्रकवर हादरे खाणारं घर गोंदावर उभं आहे हे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पण गोंद ताण सगळ्या लांबीवर पसरवतो, बोल्ट तो एका भोकापाशी गोळा करतो. शिवाय हा गोंद जरासा लवचिक असतो, हादरा गिळतो.

थंडी आत येण्याचं भय नुसतं थंडीसाठी नाही, पाण्यासाठी आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. दोघं असली तर अर्धा लिटर तरी. आता गंमत पाहा: या खोलीत हवा मावते सुमारे १९ घनमीटर, आणि २० अंशांना एवढी हवा जास्तीत जास्त एक तृतीयांश लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. म्हणजे दोन माणसं फक्त झोपूनच खोलीची सगळी हवा ओली करून वर उरतात! हे उरलेलं पाणी कुठेतरी उतरणार, आणि ते उतरतं सगळ्यात थंड जागी. खिडकीच्या कडेला, त्या आरपार बोल्टच्या डोक्यावर, गादीच्या खाली. म्हणून गादी सरळ फळीवर टाकत नाहीत. खाली पट्ट्यांची जाळी असते, हवा फिरायला. छताची झडप थंडीतही थोडी उघडी ठेवावी लागते. ऊब कोंडून ठेवण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि त्यातली थोडी रोज मुद्दाम बाहेर सोडायची, हे पटायला वेळ लागतो. न सोडणाऱ्याच्या कपाटामागे बुरशी येते.

गॅसची शेगडी याच कारणाने मागे पडत चाललीय. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. जळालेल्या गॅसपेक्षा पाणी जास्त, कारण त्यातला हायड्रोजन बाहेरच्या हवेतला जड ऑक्सिजन ओढून घेतो. बंद खोलीत स्वयंपाक म्हणजे पावसाळाच. त्यात प्रत्येक देशाच्या सिलिंडरचं तोंड वेगळं, रेग्युलेटर वेगळा. ब्युटेन तर शून्य अंशांच्या खाली वायूच होत नाही, सिलिंडर भरलेला असून शेगडी पेटत नाही. डिझेल मात्र जगात सगळीकडे मिळतं आणि ट्रकच्या टाकीत शेकडो लिटर आधीच असतं. म्हणून ऊब डिझेलवर आणि स्वयंपाक विजेवर, असा नवा संसार रुळतोय.

उंचीवर डिझेलचा हीटरही रुसतो. ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग आक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटरवर जातो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. हीटरचा पंप मात्र पहिल्याइतकंच डिझेल ढकलत राहतो. हवा कमी, इंधन तेवढंच, मग ज्योत काळी होते, काजळी साचते आणि एका रात्री हीटर बंद पडतो. म्हणून उंचीसाठी इंधन कमी करणारी वेगळी जोडणी घ्यावी लागते. तिथेच पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. उकळतंय, खदखदतंय, पण डाळ शिजत नाही. अशा वेळी आपल्या घरातली एक वस्तू कामी येते. शिटीच्या कुकरमध्ये दाब वाढला की त्याच खिंडीत आतलं पाणी ११० अंशांच्या वर पोचतं. या गाड्यांमधून जग फिरणारी माणसं प्रेशर कुकरला जी जागा देतात, ती पाहून आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या जुन्या भांड्याबद्दल मला नव्याने आदर वाटला.

डिझेलच्या बाबतीत अजून एक पेच आहे. नव्या इंजिनांच्या धुराड्यात गाळण्या असतात, आणि त्यांना गंधक जवळजवळ नसलेलं डिझेल लागतं. भारतात १ एप्रिल २०२०पासून सगळीकडे असं डिझेल आलं, पण जगातल्या बऱ्याच देशांत अजून नाही. म्हणून दूरदेशी निघणारे कित्येकजण मुद्दाम पंचवीस-तीस वर्षं जुना ट्रक शोधतात. अग्निशमन दलाचा किंवा लष्कराचा, कमी चाललेला, साधं इंजिन असलेला, कोणत्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येईल असा.

विजेचं घर आतच असतं. छतावर सौर पाट्या आणि पलंगाखाली लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटऱ्या. १२.८ व्होल्ट आणि ४०० अँपिअर-तास, म्हणजे पाच किलोवॉट-तास साठा. एक लिटर पाणी उकळायला याचा पन्नासावा भाग पुरतो. या बॅटऱ्या शून्य अंशांच्या खाली चार्ज करायच्या नसतात. केल्या तर लिथियम आत धातूच्या रूपात जमतं आणि बॅटरी कायमची बिघडते. म्हणजे बाहेर चासीला लटकवलेली बॅटरी हिवाळ्यात निरुपयोगी. माणसांबरोबर तिलाही उबेत झोपावं लागतं. पाण्याच्या टाकीचंही तसंच. तीही आत, जमेल तितकी खाली आणि दोन एक्सलच्या मध्ये.

मध्येच का? तर वजनासाठी. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, यात सूट नाही. ३०० लिटरची टाकी मागच्या एक्सलच्या मागे ठेवली, तर ती तरफेसारखी काम करते: मागचा एक्सल दबतो आणि पुढचा चक्क हलका होतो, सुकाणू वाळूत दिशा धरत नाही. दोन माणसं काटकसरीने वीस लिटरमध्ये दिवस काढतात, म्हणजे पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत गाडी ३०० किलोंनी हलकी होत जाते, आणि तरी तिचा तोल बिघडता कामा नये. जर्मनीत याला कायद्याचीही धार आहे. साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, त्यावरचा परवाना साडेसात टनांपर्यंत. म्हणून असंख्य गाड्या ७.४९ टनांत बसवलेल्या दिसतात. कपाटाची फळी किती जाड, ताटं स्टीलची की कशाची, पुस्तकं किती, याचा विचार किलोत होतो. समजूतदार बांधकाम करणारे रिकाम्या चासीपासून दर टप्प्यावर वजनकाट्यावर जातात आणि शेवटी प्रत्येक चाक वेगळं तोलतात. एका बाजूला फ्रिज आणि बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला नुसतं बाक, असं झालं तर गाडी आयुष्यभर एका कुशीवर झुकलेली राहते.

आणि मग त्यात राहणं. दिवसभर लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर चालल्यावर संध्याकाळी पहिलं काम म्हणजे सपाट जागा शोधणं, चाकांखाली पाचरी देणं, झोपताना डोकं वरच्या बाजूला येईल असं पाहणं. त्या लाटा नट-बोल्ट सैल करतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. रेघ सरळ आहे तोवर चिंता नाही. तुटलेली दिसली की नट फिरला. सकाळी चहाआधी टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत जायचं आणि या रेघा पाहायच्या, हा अनेकांचा नेम. खणांना खटक्याची बटणं असतात, नाहीतर पहिल्याच वळणावर डाळ-तांदूळ जमिनीवर. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरावर, ३,६०० मीटरहून उंच त्या पांढऱ्या सपाटीवर गाडी नेली, तर परतल्यावर चासी गोड्या पाण्याने धुवायला विसरायचं नाही. मीठ सांध्यांत घुसून बसतं. आणि संडास? तो बहुधा मल आणि मूत्र वेगळं करणारा असतो. वेगळं ठेवलं की वास येत नाही, एवढी साधी गोष्ट आपल्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या घरांत कधी कळतच नाही.

इतकं सगळं न करताही जग फिरता येतं, हेही सांगायला हवं. गुंथर होल्टोर्फ हा जर्मन माणूस १९८०च्या दशकाच्या शेवटी एका मर्सिडीज जीपमधून निघाला आणि २०१४पर्यंत जवळजवळ नऊ लाख किलोमीटर फिरला, त्यातली बरीच वर्षं पत्नी क्रिस्टिनसह. झोपणं त्या जीपमध्येच, मागच्या फळीवर. ती गाडी आज श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. तरीही मला ट्रकवाल्यांची ओढ समजते. त्यांना फिरायचं असतंच, पण पावसाच्या आठव्या दिवशी टेबलापाशी बसून पत्र लिहायचं असतं, आजारी पडून आडवं व्हायचं असतं, पोरांचा अभ्यास घ्यायचा असतो.

रस्ता संपतो तिथे समुद्र येतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये पनामा आणि कोलंबिया यांच्या सीमेवर डारिएनचं जंगल आहे. तिथे सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही. साडेतीन मीटर उंचीचा ट्रक बंद कंटेनरमध्ये मावत नाही, म्हणून तो वाहनं पोटात घेणाऱ्या जहाजातून वळसा घालून न्यावा लागतो. आणि सीमांवर लागतं ते कार्ने नावाचं पुस्तक. गाडी देशात आणली, विकली नाही, परत नेली, याचा पानापानावर शिक्क्यानिशी पुरावा. भारतात परदेशी गाडी आणायला ते लागतंच, आणि भारतातली गाडी बाहेर न्यायला ते देणारी संस्था मुंबईतली: १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. १९६०-७०च्या दशकांत युरोपातून निघालेल्या रंगीत व्हॅन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून गोव्याच्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन थांबत. आजचे ट्रक त्यांचेच वारसदार.

असा ट्रक आपल्याकडे बांधायचा झाला तर? नियम आहेत. राहण्याच्या गाड्यांसाठी भारतात एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि या मानकांचं काम पाहणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. आरटीओच्या परवानगीशिवाय मूळ गाडीत बदल करता येत नाही. पण कारागिरी परकी नाही. नाशिकची द्राक्षं किंवा दूध-आइस्क्रीम नेणारा पांढरा शीतट्रक महामार्गावर रोज दिसतो. त्याची भिंत हीच असते: काचतंतूंचे दोन पत्रे आणि मध्ये पॉलियुरेथेनचा फेस. फक्त त्याला आत थंडी राखायची असते आणि बाहेरचं ऊन अडवायचं असतं. उष्णतेची दिशा उलटी, भिंत तीच. पुढच्या वेळी टोलनाक्यावर किंवा धाब्यावर असा ट्रक उभा दिसला, तर चालकाला विचारून खाली वाका. पेटी चासीच्या दोन्ही तुळयांवर पूर्ण लांबी टेकलेली आणि यू-बोल्टने आवळलेली दिसेल, कारण ती डांबरी रस्त्यावरच चालणार आहे. तिला लडाखच्या दगडांवर न्यायचं असेल, तर त्यातले मागचे यू-बोल्ट जाऊन दोन तुळयांच्या बरोबर मध्ये एक जाड पिन, तिच्याभोवती बुश आणि ग्रीसचं निपल येईल. चिंचवड किंवा सातपूरच्या कुठल्याही चांगल्या लेथवर ती पिन दिवसभरात तयार होऊ शकते.